दुपट्ट्यातून दिसलेली बोटं

पुण्याच्या केदार नावाच्या दिग्दर्शकाने बैलबाजारातल्या एका म्हाताऱ्या दलालाला फसवलं, आणि फसवताना माझं नाव वापरलं. दलालाचं नाव मी इथे सत्तारभाई असं लिहितो आहे. ते त्यांचं खरं नाव नाही. बाजार अकोल्याकडचा आहे, याहून जास्त पत्ता देणार नाही. मागे एकदा दिला होता. केदारचं नाव मात्र खरंच केदार आहे. मी आडनावही लिहून पाठवलं होतं, ते संपादकांनी कापलं. त्यावरून आमचं फोनवर बरंच वाजलं. शेवटी नाव राहील, आडनाव जाईल, असा सौदा झाला.

संपादकांना माझ्याकडून हवे होते माहितीपटवाल्याचे गमतीदार अनुभव. दिवाळीचा अंक आहे, लोक चिवडा खाता खाता वाचतात, म्हणाले. गमती आहेत, सांगतोही. पण बाजाराचा दिवस आला की सकाळपासून माझं कशात लक्ष लागत नाही. सत्तारभाई आज बाजारात गेले का, गेले तर कोणी त्यांच्या हातात हात दिला का, वाटेत कोणी अडवलं तर नाही ना, हे कळेपर्यंत चहाची चव कळत नाही. त्यामुळे गमती मध्येच तुटल्या तर समजून घ्या.

मी दिवाकर, मूळचा लग्नाचा शूटिंगवाला. अमरावतीत ज्यांची पोरं आता क्लासेसच्या मागे पळताहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरीच्या चेहऱ्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या फिरवल्या त्या मीच. सिनेमाची शाळा मी बाहेरूनही पाहिलेली नाही. पहिला कॅमेरा जुना घेतला, तोही दुकानदार शटर ओढायला लागेपर्यंत घासाघीस करून. घासाघीस माझ्या अंगात आहे आणि रागही. घरच्यांच्या मते दुसरं जरा जास्तच आहे.

माहितीपट म्हणजे काय, हे मला दर लग्नात कोणीतरी विचारतं. लोकांना वाटतं सरकारी खात्याची फिल्म: ट्रॅक्टर, धरण, हसणारा लाभार्थी. तसं नाही. खरी माणसं त्यांचं खरं काम करताना टिपायची. नट नाही, आधी लिहिलेले संवाद नाहीत. लग्नात सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात, त्यात माझं काम सोपं. माहितीपटात माणूस कॅमेऱ्याकडे बघायचा थांबेपर्यंत वाट बघावी लागते. माझी पद्धत अशी, की पहिले काही दिवस कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि त्याचं झाकण काढायचंच नाही. पोरं येतात, म्हातारे येतात, आत डोळा लावून बघतात, काळोख दिसतो, हसतात आणि जातात. मग एक दिवस त्यांना त्याचा कंटाळा येतो. त्या दिवशी झाकण काढायचं.

आवाज धरते माझी बायको, वनिता. लांब दांडीला माइक बांधून ती तासन्‌तास उभी राहते. आमच्याकडच्या उन्हाळ्यातला वारा माइकमध्ये असा घुसतो, की माणूस काय बोलला ते ऐकूच येत नाही. यासाठी बाजारात मिळणारं केसाळ आवरण महाग होतं आणि दुकानदार खाली यायला तयार नव्हता. वनिताने मुलीच्या जुन्या टेडी बेअरचं पोट फाडलं आणि त्याची फर माइकला शिवून टाकली. वारा अडला. मुलगी मात्र आठवडाभर आमच्याशी बोलली नाही.

माझा पहिला ब्लॉग या टेडी बेअरवर होता. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर आपल्याला वाटेल ते लिहायची जागा, ना संपादक ना कापाकापी. मराठीत माहितीपट करणारी आम्ही जी थोडी माणसं आहोत, ती विखुरलेली. कोणी लातूरला, कोणी कोल्हापूरला, कोणी गडचिरोलीला. शिकवायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. त्या लेखाखाली लातूरच्या एकाने लिहिलं, की मी गाद्यावाल्याकडचा स्पंज वापरतो. कोल्हापूरच्या एका बाईंनी विचारलं, फर धुता येते का. तिथून आमचं सुरू झालं. पंख्याची घरघर कशी बंद करायची, माणूस रडायला लागला तर कॅमेरा चालू ठेवायचा की बंद करायचा, गावचा सरपंच प्रत्येक दृश्यात घुसतो त्याचं काय करायचं, सगळं आम्ही एकमेकांना लिहून सांगायचो. मी हातचं काही राखलं नाही. धंद्यात मी फुकट कोणाला पत्तासुद्धा सांगत नाही, पण तिथे सगळं वाटलं. मला कोणी दिलं नव्हतं म्हणून वाटलं.

बैलबाजाराचा माहितीपट करायचं ठरवलं तेव्हा मी पहिल्या दिवशी सत्तारभाईंच्या कडुनिंबाखाली बंद कॅमेरा लावून बसलो. ते पार दुपारपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

“बैल घेता का, भाऊ?”

“नाही.”

“इकता?”

“नाही.”

“मंग तुमीच बैल हा का? सकाळपासून बांधल्यावानी उभे हा त उभे.”

भोवतीचे दलाल हसले. मीही हसलो. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

तिथला सौदा कसा होतो ते सांगतो. घेणारा आणि विकणारा भाव तोंडाने बोलत नाहीत. तोंडाने बैलाचे दात, शिंगं, चाल, स्वभाव याबद्दल काय वाटेल ते बोलतात, अगदी ओरडून बोलतात. भाव बोलतात बोटं. दलाल आपल्या खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकतो आणि त्याखाली आधी एकाचा हात धरतो, मग दुसऱ्याचा. कोणतं बोट धरलं, किती बोटं धरली, दाबली की सोडली, यावरून आकडा कळतो. सौदा पटला की दुपट्टा झटकतात. काय भावात पटला हे त्या तिघांशिवाय कोणालाच माहीत नसतं, आणि कोणी विचारतही नाही. विचारणं असभ्यपणाचं समजलं जातं.

मी सत्तारभाईंना म्हटलं होतं, की ही लपवाछपवी कशाला? उघड बोली का नाही?

ते म्हणाले, “बैलाचा भाव सांगाले काही हरकत नाही, भाऊ. पण कोनाले पोरीच्या लग्नाची घाई असते, कोनाच्या घरी बैलाले पाहाले मानूस नसतो, कोनी आपला बैल चांगल्या घरी जावा म्हून कमी घेते. ते बी त्या आकड्यात असते. ते अख्ख्या बाजारानं काहून वाचावं?”

शूटिंगची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी माझाच हात दुपट्ट्याखाली घेतला. एक बोट धरलं आणि दाबलं.

“सांगा, किती?”

“एक.”

“एकच अट. आतलं आत.”

मी कबूल झालो. जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता कबूल झालो. मग माझ्यापुढे अडचण उभी राहिली: ज्या गोष्टीवर फिल्म, तीच दाखवायची नाही. मी कॅमेरा हातांवरून काढून चेहऱ्यांवर नेला. आकडा सरकला की विकणाऱ्याच्या भुवया हलतात, घेणारा उगाच दुसऱ्या बैलाकडे बघतो, आणि सत्तारभाई आभाळाकडे बघत तिसरंच काही बोलत असतात: यंदा कपाशीला बोंडं बरी, जावयाने नवी गाडी घेतली. फिल्ममध्ये हात एकदाही नाही. माझ्या आजवरच्या कामात मला सर्वांत जास्त अभिमान त्या न दाखवलेल्या हातांचा आहे.

त्यावर मी ब्लॉग लिहिला. हात का दाखवले नाहीत, कॅमेरा कुठे ठेवला, ऊन कुठून येत होतं, सगळं सविस्तर. सत्तारभाईंचा आणि माझा एक फोटो टाकला. गावाचं नाव टाकलं, बाजाराचा वार टाकला, कडुनिंब बाजाराच्या कोणत्या बाजूला तेही टाकलं. आणि एक तांत्रिक नोंद केली, आमच्या लोकांसाठी: त्यांचा दुपट्टा जाड आणि गडद आहे म्हणून आतलं काही दिसत नाही, पातळ पांढरा असता आणि ऊन पलीकडून आलं असतं, तर बोटं बाहेरूनही वाचता आली असती. माझा तो लेख सगळ्यांत जास्त वाचला गेला.

केदारने तो वाचला. फोन केला. दादा, अशी नजर आमच्याकडे कोणाला नाही, म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग तो अमरावतीला आला, आमच्याकडे जेवला. वनिताने पाटोडीचा रस्सा केला होता; त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी दोनदा मागून घेतला. त्याला त्याच बाजारावर फिल्म करायची होती, मोठ्या चॅनेलसाठी. मला घेऊन चला, म्हणाला. मी म्हटलं, नेतो, पण दिग्दर्शनात माझं नाव तुझ्या बरोबरीने पाहिजे. तो म्हणाला, आभारात टाकतो. मी म्हटलं, आभार किराणा दुकानदाराचे माना. आमची घासाघीस जेवण संपून बडीशेप येईपर्यंत चालली. पटलं नाही. तो हसत निघून गेला. मला वाटलं, आठवड्याने परत येईल. गिऱ्हाईक तसंच करतं.

तो परत आला नाही. काही महिन्यांनी वनिताने भाजी निवडता निवडता फोन माझ्यापुढे धरला.

“अवो, हे सत्तारभाईच हायेत ना?”

तेच होते. कडुनिंब तोच.

“पण दुपट्टा पांढरा काहून?”

मी फोन हातात घेतला. पातळ पांढरा दुपट्टा, पलीकडून ऊन, आणि कापडावर बोटांच्या सावल्या, चित्रकथेसारख्या स्पष्ट. प्रत्येक पकडीबरोबर पडद्यावर आकडा उमटत होता. ही बोटांची भाषा त्याला मी शिकवलेली नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी बाजारातून शिकून आला असावा. शेवटचा आकडा लाल रंगात. तो मी इथे लिहिणार नाही. खाली मथळा होता: ‘दुपट्ट्याखाली शेतकऱ्याची लूट’. सत्तारभाईंचा चेहरा पुरा दिसत होता, आणि गावाचं नावही. आणि अगदी शेवटी, विशेष आभार, माझं नाव.

“तुमच्या ब्लॉगात होतं तसंच केलं त्यानं,” वनिता म्हणाली. “ऊन कुठून घ्यायचं ते बी.”

मी केदारला फोन लावला, त्याने घेतला नाही. परत लावला. मग खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. एका मुसलमान दलालाचा चेहरा, जनावरं, आणि लूट हा शब्द, एवढं एकत्र आलं की आजकाल लोक काय लिहितात, ते वेगळं सांगायला नको. काहींनी बाजाराचा वार विचारला होता. एकाने तो सांगितलाही होता. तो वार माझ्याच ब्लॉगवर लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडीवर त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या मुलाने, जावेदने उघडलं. आत या म्हणाला नाही. आतून सत्तारभाईंचाच आवाज आला, “येऊ दे त्याह्यले.”

ते खाटेवर बसले होते. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं,

“भाऊ, तुमी त्याले पाठवलं होतं का?”

“नाही. तुमच्या गळ्याची शपथ, नाही.”

“मंग हे?”

त्यांनी जावेदला खूण केली. त्याने पेटीतून पांढरा दुपट्टा काढून आणला, धुऊन घडी घातलेला.

“तो पोरगा म्हने, दिवाकरभाऊनं तुमच्यासाठी पाठवला. आजच्या दिवशी हाच घ्या, त्याह्यले फोटो दाखवाचा हाय. मोबाइलवर आपला दोघायचा फोटो बी दाखवला त्यानं. मी म्हनलं, भाऊनं येवढ्या मायेनं पाठवला, त नाही कसं म्हनाव? माहा काळा मी घडी करून ठेवून देला.”

वनिता रडायला लागली. माझ्या डोक्यात मात्र रागाशिवाय काही नव्हतं, आणि त्या रागाला तिथे जागा नव्हती.

“अब्बा बाजारात गेले होते मागच्या बाजाराला,” जावेद म्हणाला. “दिवसभर बसले. एकानं हात देला नाही. म्हनतात, तुह्या दुपट्ट्यात कॅमेरा हाय. वापस येतानी रस्त्यावर दोन गाड्या मागं मागं आल्या. काही केलं नाही. फकत मागं मागं आल्या. आता आमी जाऊ देत नाही.”

“जाऊ देत नाही म्हंजे?” सत्तारभाई चिडले. “मी काय चोर हाव? माह्या अब्बानं त्याच निंबाखाली हात धरला लोकायचा. मी घरात लपून बसलो, त लोक म्हनतीन खरंच लुटलं यानं.”

बाप जाऊ म्हणत होता, मुलगा जाऊ देत नव्हता, आणि दोघांचं बरोबर होतं.

ज्याची लूट झाली असं त्या मथळ्यात लिहिलं होतं, त्या बैलजोडी विकणाऱ्या नामदेवरावांकडेही मी गेलो. त्याच तालुक्यातले सधन शेतकरी. आता ट्रॅक्टर घेतला, जोडीची गरज उरली नव्हती. त्यांना जास्त भाव देणारा एक व्यापारी होता, पण तो जोडी फोडून पुढे विकणार होता. ज्याने घेतली तो स्वतः शेत वाहणारा, दोन्ही बैल एका दावणीला ठेवणारा. म्हणून त्यांनी कमी घेतले, सत्तारभाईंनीच ते गिऱ्हाईक शोधून आणलं होतं. नामदेवराव मला उभं राहूनच बोलले.

“मले गावात इचारतात, बुढा येडा झाला का? मी सांगतो का बाप्पा, मी माह्या मर्जीनं देली जोडी. त म्हनतात, दलालानं पढवलं याले. माह्या तोंडापेक्षा त्या मोबाइलवर जास्त इस्वास हाय लोकायचा. आन तुमचं नाव हाय त्याच्यात. तुमी निंगा इथून.”

निघालो. आयुष्यात मला कोणी ‘निंगा’ म्हटलं आणि मी निघालो, असं फार वेळा झालेलं नाही.

मग एकदाचा केदारने फोन घेतला.

“दादा, तुम्ही चिडलात का?”

“चिडू नको त काय आरती ओवाळू तुही?”

“तुमची अट मी मोडलेली नाही. कॅमेरा एकदाही दुपट्ट्याच्या आत गेला नाही. सगळं बाहेरून शूट केलंय. आणि ती उन्हाची नोंद तुम्हीच लिहिली आहे, सगळ्यांना खुली आहे. मी चोरलं काय?”

“आन दुपट्टा मी पाठवला, हे कुठं लिहिलं होतं मी?”

“ते आपुलकीने म्हटलं. तुमच्या नावाने दिला तर घेतील असं वाटलं. तुमच्याबद्दल त्यांना खूप आदर आहे, दादा.”

“लूट हा शब्द कोनाचा?”

“चॅनेलच्या मुलांनी टाकला. क्लिप चालायला काहीतरी लागतं.”

“चालली ना? आता काढ.”

“ते माझ्या हातात नाही. आणि हिवाळ्यात पूर्ण फिल्म महोत्सवात आहे, त्यात संदर्भ येईल ना सगळा.”

“माहं नाव तरी काढ.”

“दादा, नाव तर तुम्हालाच हवं होतं.”

मी फोन भिंतीवर मारला. तो फुटला नाही, भिंतीचा पोपडा निघाला. वनिता म्हणाली, “फोन जुना हाय तरी मजबूत हाय, तुमच्यावानी.” एरवी मी हसलो असतो.

आता माझी नवी नोकरी सांगतो. रोज दुपारी मी माझाच ब्लॉग उघडतो आणि प्रत्येक लेख चोराच्या नजरेने वाचतो. यातून कोणाला काय करता येईल? मोर्शीकडच्या संत्र्याच्या शेडवर मी लिहिलं होतं. पेट्या भरणाऱ्या बाया कॅमेऱ्यासमोर अवघडतात, पण मुकादम जेवायला गेला की मोकळ्या बोलतात, त्याची नक्कलसुद्धा करतात, असं लिहिलं होतं. मुकादम कधी जेवायला जातो तेही लिहिलं होतं. नक्कल करणारी शोभा हसून हसून खाली बसली होती. किती कौतुकाने लिहिलं मी ते! आता वाटतं, हे त्या मुकादमाने वाचलं तर? लेख काढून टाकला. मोझरीला आश्रमात पहाटेच्या प्रार्थनेचा आवाज टिपला होता. तिथे एक बाई रोज एकट्या येऊन खांबाशी बसायच्या. घरच्यांना न सांगता येते, म्हणाल्या होत्या. त्यांचं नाव लिहिलं नव्हतं. खांब लिहिला होता. तोही लेख काढला. एका निवृत्त अधिकाऱ्याने स्वतःवर माहितीपट करायला सांगितला होता आणि प्रत्येक दृश्यात सूट घालून झाडाला पाणी घालत होता, तो लेख तेवढा ठेवला. त्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही.

लेख काढले तरी ते जात नाहीत. कोणीतरी आधीच साठवलेले असतात. लातूरचा मित्र म्हणाला, दिवाकरभाऊ, तू सगळंच काढलंस तर नव्या पोरांनी कुठे शिकायचं? मी म्हटलं, मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. केदारने काय केलं ते मी ब्लॉगवर लिहिलं, तर खाली निम्म्यांनी लिहिलं, दादा तुम्ही जळताय, त्याला महोत्सव मिळाला म्हणून. मराठीतल्या त्या विखुरलेल्या मोजक्या माणसांतही आता दोन तट पडले आहेत.

मागच्या बाजाराला सत्तारभाई हट्टाने निघाले. मी आणि वनिता आधीच तिथे जाऊन उभे राहिलो. जावेद बापाच्या मागे चालत होता, आणि सारखा मागे वळून बघत होता. त्यांनी आपला जुना जाड दुपट्टा आणला होता. ते कडुनिंबाखाली बसले. मी उभा राहून मोठ्याने सांगितलं, की त्या पोराला मी पाठवलं नव्हतं, हा दुपट्टा, हा माणूस, सगळं साफ आहे.

एक दलाल, सत्तारभाईंचा जुना शेजारी, माझ्याजवळ आला. त्याने माझ्या शर्टाचं बटण चिमटीत धरून बघितलं. मग खिशातला पेन काढून टोपण उघडून बघितलं.

“आता याचं बी शूटिंग चालू हाय का, भाऊ?”

“नाही.”

“मागं बी नाहीच म्हनलं होतं.”

मी त्याची गचांडी धरणारच होतो. वनिताने मागून सदरा ओढला. सत्तारभाई म्हणाले, “दिवाकरभाऊ, बसा. गरम नका होऊ. बाजार हाय.”

आम्ही बसलो. बैल येत होते, जात होते. समोर सौदे होत होते, दुपट्टे झटकले जात होते. सत्तारभाईंच्या पुढ्यातून माणसं वळसा घालून जात होती. ज्यांची लग्नं त्यांनी जुळवली, ज्यांची भांडणं मिटवली, ज्यांच्या जोड्या लावून दिल्या, ती माणसं सलाम करत होती आणि हात पाठीमागे धरत होती. एक तरुण शेतकरी घुटमळला. त्याचा बैल चांगला होता, सत्तारभाईंनी दात बघितले, तारीफ केली. मग दुपट्टा हातावर घेतला आणि त्याखाली हात पुढे केला. तो मुलगा दुपट्ट्याकडे बघत राहिला. म्हणाला, “बाबा, मोबाइलवर येनार नाही ना?” सत्तारभाई म्हणाले, “नाही रे लेका.” मुलाने हात उचललाही. मग कोणीतरी मागून हाक मारली आणि तो बैल घेऊन तिकडे गेला.

सत्तारभाईंचा हात दुपट्ट्याखाली तसाच थोडा वेळ होता. मग त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि जावेदला म्हणाले, “चाल, चहा पिऊ.”

माझं म्हणणं साधं आहे. महोत्सव भरवणाऱ्यांनो, तुमचा पडदा उघडण्याआधी नामदेवरावांना विचारा, तुम्हाला कोणी लुटलं. त्यांचा फोन मी देईन, जायला गाडी मी देईन. विचारणार नसाल, तर कोणाच्या भरवशावर हा शब्द दाखवता, त्याचं उत्तर द्या.

आणि केदार, तू. ब्लॉगवर नको, मुलाखतीत नको, फिल्मच्या शेवटी येणाऱ्या संदर्भात तर नकोच. बाजाराच्या दिवशी ये. वार तुला माहीत आहे, तू तो माझ्याच ब्लॉगवर वाचलास. कॅमेरा घरी ठेव. सगळ्या दलालांसमोर, त्या बैलवाल्या मुलासमोर, नामदेवरावांसमोर उभा राहून सांग, की लूट कोणी केली, कोणाची केली, आणि मी न पाठवलेला दुपट्टा माझ्या नावाने तू सत्तारभाईंच्या हातावर का टाकलास. ते म्हातारे आहेत, फार दिवस वाट बघू शकणार नाहीत. ये आणि त्यांना तोंडावर उत्तर दे.